शेततळ्यातली हिरवी पेशी आणि तीन प्रयोगशाळा: एक प्रकरण अभ्यास

लातूर जिल्ह्यातल्या एका शेततळ्यातून आणलेल्या एकपेशीय हिरव्या शेवाळात बाहेरचं जनुक घालता येईल का, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एमएस्सीच्या एका प्रकल्पापुरता निघाला होता. पुढे त्यात तीन प्रयोगशाळा आल्या: आमची, मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठ विभागाची आणि पुण्यातल्या एका संशोधन गटाची. काम अजून चालू आहे. तरी ते आत्ताच लिहून ठेवतो आहे, कारण एखाद्या नव्या सजीवासाठी जनुकीय साधनं घडवताना खरोखर काय काय करावं लागतं आणि त्यातलं किती काम आमच्यासारख्या महाविद्यालयात होऊ शकतं, हे या एका प्रकरणात स्वच्छ दिसतं. माझं मत आधीच सांगतो. या कामाचा मोठा हिस्सा डीएनएला हात लागण्याच्या आधीचा असतो, तो कमी खर्चात होतो, आणि त्याची मोजदाद मात्र कुणी करत नाही.

पार्श्वभूमी

पेशीतलं एखादं जनुक काय काम करतं हे कळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ते बंद करून पाहणं, बदलून पाहणं किंवा नवं घालून पाहणं. त्यासाठी लागणाऱ्या सामग्रीला जनुकीय साधनं म्हणतात. डीएनए पेशीत शिरवण्याची रीत हवी. ते जनुक चालू करणारा प्रवर्तक, म्हणजे प्रमोटर, त्या पेशीला ओळखता आला पाहिजे. ज्या पेशींनी डीएनए घेतला त्या वेगळ्या काढायला निवडचिन्ह लागतं. बहुधा ते एखाद्या प्रतिजैविकाला प्रतिकार देणारं जनुक असतं. शिवाय आत गेलेलं जनुक टिकलं का, हे तपासण्याची सोय लागते.

ई. कोलाय जिवाणू आणि यीस्ट यांच्यासाठी ही सगळी सामग्री अनेक दशकांपासून तयार आहे. यीस्टमध्ये बाहेरचा डीएनए घालण्यात 1978 साली यश आलं. पण केंद्रक असलेल्या एकपेशीय सजीवांचा पसारा प्रचंड आहे आणि त्यातल्या बहुतेकांना असं एकही साधन नाही. समुद्रातल्या अशा सजीवांसाठी जगभरच्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून काम केलं आणि 2020 मध्ये ते 'नेचर मेथड्स' या नियतकालिकात आलं. शंभराहून अधिक लेखक. पूर्वी कधीच जनुक घातलं न गेलेल्या 13 प्रजातींमध्ये त्यांना यश मिळालं, आणखी 8 प्रजातींसाठी आधीची साधनं सुधारली, आणि 17 प्रजातींमध्ये काहीच साधलं नाही. ते का साधलं नसावं, याची कारणमीमांसाही त्यांनी त्याच लेखात छापली. आमच्या विभागात तो लेख वाचला गेला तेव्हा सर्वांत जास्त चर्चा झाली ती या 17 प्रजातींची. कोणती रीत लावली, कोणतं प्रतिजैविक वापरलं, काय निष्फळ ठरलं, हे इतकं मोकळेपणानं मांडलेलं विद्यार्थ्यांनी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आपणही असं काही करू शकतो, ही भावना तिथून आली.

तळ्यातली पेशी

आमच्या वर्गातली बरीच मुलं शेतकरी घरांतली. प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं, बोअरच्या पाण्यानं भरलेलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यावर चढणारी हिरवी झाक हे त्यांना घरचंच दृश्य. औसा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं घरच्या तळ्यातलं पाणी आणलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दोन कशाभिकांनी पोहणाऱ्या, अंडाकृती, एका बाजूला नारिंगी नेत्रबिंदू असलेल्या पेशी दिसल्या. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळांच्या वंशाशी साम्य उघड होतं, आणि पुढे 18एस आणि आयटीएस या, सजीवांची नाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या भागांच्या डीएनए क्रमावरून तो गट पक्का झाला.

इथेच पहिली खोच आहे. क्लॅमिडोमोनास राइनहार्टी ही प्रजाती जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. तिच्या हरितलवकात जनुक-बंदुकीनं, म्हणजे डीएनए लावलेले सूक्ष्म कण पेशीत मारणाऱ्या उपकरणानं, डीएनए घालण्याचं काम 1988 मध्ये झालं, केंद्रकात काचेच्या मण्यांनी डीएनए घालण्याची सोपी रीत कॅरन किंडल यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केली, आणि 2007 मध्ये तिचा जनुकसंच वाचून झाला. तिच्या नेत्रबिंदूत सापडलेलं चॅनेलऱ्होडॉप्सिन हे प्रथिन आज मेंदूविज्ञानात चेतापेशी प्रकाशानं चालू-बंद करायला वापरतात. 2018 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तिच्यासाठी 119 सुट्या जनुकीय भागांचा संच तयार केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. एवढी तयारी हाताशी असताना आपलं शेवाळ त्याच वंशाचं निघालं म्हणजे काम सोपं झालं, असं कुणालाही वाटेल. पण क्लॅमिडोमोनास या नावाखाली शेकडो प्रजाती घातल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. राइनहार्टीचं साधन तळ्यातल्या पेशीला लागू पडेलच याची कसलीही हमी नव्हती. म्हणून प्रकरणाचा प्रश्न असा ठरला: राइनहार्टीची कोणती साधनं जशीच्या तशी चालतात, कोणती बदलावी लागतात, आणि कोणती सोडून द्यावी लागतात?

कामाची वाटणी

वाटणी आधी कायद्यानं केली. जनुकीय बदल केलेल्या सजीवांवरचं काम आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या 1989 च्या नियमांनी बांधलेलं आहे, आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. आमच्याकडे ती नाही. विद्यापीठ विभागात आहे. त्यामुळे प्लास्मिड, म्हणजे हवं ते जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ, हाताळणं, पेशीत डीएनए घालणं आणि पुढच्या प्लेट सांभाळणं हे सगळं विद्यापीठात. प्रतिजैविकाला दाद न देणारं शेवाळ तळ्यात परत जाऊ नये म्हणून प्रत्येक नळी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढूनच टाकायची, हेही त्यांच्याच देखरेखीखाली. पुण्याच्या गटाकडे राइनहार्टीचा अनुभव, तिचे वाण आणि प्लास्मिड. आमच्या वाट्याला आलं ते तळ्यातल्या पेशीला ओळखण्याचं काम.

सुरुवातीला मुलांचा चेहरा उतरला होता. "सर, मग जनुकाचं काम तर आपल्याकडे राहिलंच नाही," असं एकानं सरळ विचारलं. पुढच्या काही महिन्यांत याच मुलांनी मिळवलेल्या माहितीवर विद्यापीठातल्या प्रयोगांची आखणी झाली.

शेतकऱ्याची परवानगी घेतली, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवलं. परदेशातल्या संशोधकाला वाण द्यायचा तर जैवविविधता कायदा, 2002 खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. तशी वेळ आली तर कागद आधीपासून नीट असावेत, एवढाच यातला हेतू.

डीएनएच्या आधी

पहिलं काम म्हणजे पेशी शुद्ध करणं. तळ्याच्या पाण्यात जिवाणू भरपूर, आणि राइनहार्टीसाठी वापरतात त्या टीएपी या पोषक माध्यमात अ‍ॅसिटेट असतं. शेवाळाआधी जिवाणूच त्यावर तुटून पडतात. म्हणून अ‍ॅसिटेट नसलेलं बोल्डचं माध्यम घेतलं. नुसत्या प्लेटवर रेघा ओढून जिवाणू जात नव्हते. मग पेशीच्या स्वभावाचा उपयोग केला. ही पेशी प्रकाशाकडे पोहते. लांब काचनळीला काळा कागद गुंडाळला, एक टोक उघडं ठेवलं, तिथे एलईडी लावला आणि कल्चर दुसऱ्या टोकाला सोडलं. काही वेळानं उजेडाच्या टोकाशी हिरवी रेषा जमते. जिवाणू बहुतांशी मागे राहतात. ती रेषा निर्जंतुक पिपेटनं उचलायची, नव्या नळीत सोडायची, पुन्हा तेच. ही रीत जुनी आहे, पुस्तकात असते. पण कुठल्या लांबीच्या नळीत, किती उजेडात, किती वेळानं आपली पेशी येते, हे ज्याचं त्यानंच शोधावं लागतं. दोन विद्यार्थिनींनी ते शोधलं आणि प्रत्येक फेरीनंतर जिवाणूंसाठीच्या पोषक माध्यमावर थेंब टाकून शुद्धता तपासली. माझ्या दृष्टीनं सबंध प्रकल्पातलं हे सर्वांत देखणं काम. महागडं उपकरण एकही नाही.

दुसरं काम प्रतिजैविकांचं. निवडचिन्ह ठरवायचं तर मूळ पेशी कोणत्या प्रतिजैविकानं, किती मात्रेत मरते हे आधी माहीत हवं. राइनहार्टीसाठी झिओसिन आणि पॅरोमोमायसिन ही दोन नेहमीची. आमची पेशी बोल्डच्या माध्यमापेक्षा गाळून निर्जंतुक केलेल्या तळ्याच्या पाण्यात जोमानं वाढत होती, म्हणून दोन्ही माध्यमांत मात्रा वाढवत नेऊन पाहिलं. तळ्याच्या पाण्यात झिओसिनचा परिणाम फारच क्षीण दिसला. बोल्डच्या माध्यमात तेच झिओसिन कमी मात्रेत मारत होतं. पेशी जात्याच दणकट आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आकडे साप्ताहिक ऑनलाइन बैठकीत मांडले तेव्हा पुण्याच्या गटातल्या ताईंचा पहिला प्रश्न पाण्याबद्दल होता. पाणी बोअरचं आहे का, त्यात क्षार किती? झिओसिनचं काम क्षार वाढले की मंदावतं, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्याला क्षारांची कमतरता नसते, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनानं ते तळ्यात आणखी साठत जातात. पाण्याची विद्युतवाहकता मोजली (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त), बोल्डच्या माध्यमात तेवढे क्षार मिसळून पाहिलं, आणि झिओसिनचा जोर तसाच उतरलेला दिसला. झिओसिन बाजूला ठेवलं. बोल्डच्या माध्यमात पॅरोमोमायसिननं स्वच्छ सीमारेषा दिली: एका मात्रेच्या वर प्लेट पूर्ण पांढरी. निवडचिन्ह ठरलं.

या एका बैठकीनं जे दिलं ते एकट्या प्रयोगशाळेला मिळणं अवघड होतं. पुण्यात क्षारयुक्त पाण्याची पेशी नव्हती आणि आमच्याकडे झिओसिनचा अनुभव नव्हता.

वाण आणि प्लास्मिडची ने-आण हा छोटा पण रोजचा विषय. प्लास्मिडचा थेंब गाळणकागदावर वाळवून पाकिटातून विद्यापीठात आला. डीएनए असा सुकवला की बर्फ लागत नाही. तिरप्या आगरवर शेवाळ वाढवलेल्या नळ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं हातोहात जात. डिकीतल्या उष्म्याचा विचार करून ही पार्सलं हिवाळ्यातच पाठवायची असं ठरलं. कल्चर खोली 25 अंशांच्या आसपास ठेवायची तर मे महिन्यात एसी बंद पडून चालत नाही, आणि लाइट जाणं तर ठरलेलंच. म्हणून मुख्य प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उन्हाळ्यात वाण जपणं आणि डीएनए क्रमाचं विश्लेषण, असं वेळापत्रक बसलं.

भिंत

काचेच्या मण्यांची रीत आम्हाला परवडणारी होती. पेशी, डीएनए, थोडं पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक काचमणी एका नळीत घालून व्होर्टेक्सवर काही सेकंद घुसळायचं. पेशीच्या पटलाला क्षणभर भेगा पडतात, डीएनए आत जातो. अट एकच: पेशीभोवती भिंत नसावी. राइनहार्टीचे भिंत नसलेले वाण मिळतात. भिंत असलेल्या वाणांसाठी ऑटोलायसिन वापरतात. राइनहार्टीच्या विरुद्ध लिंगाच्या पेशी मीलनाला एकत्र आल्या की भिंत उतरवण्यासाठी त्या स्वतःच हे एन्झाइम सोडतात.

विद्यापीठात राइनहार्टीचा भिंतहीन वाण तुलनेसाठी घेतला. त्यात पॅरोमोमायसिनच्या प्लेटवर हिरव्या वसाहती, म्हणजे तगलेल्या पेशींपासून वाढलेले ठिपके, आल्या, डीएनए न घातलेल्या प्लेट कोऱ्या राहिल्या. म्हणजे रीत, प्लास्मिड, हात सगळं ठीक. तळ्यातल्या पेशीवर ऑटोलायसिन लावून तोच प्रयोग केला: काहीही नाही.

अशा जागी पुष्कळ प्रकल्प 'रूपांतरण झाले नाही', म्हणजे बाहेरचं जनुक पेशीत घालणं जमलं नाही, या एका ओळीवर मिटतात. आपल्याला मात्र नेमकी पायरी हवी होती. डीएनए आत गेला नाही, की आत जाऊन जनुक चाललं नाही? भिंत उतरली का, हे तपासायची सोपी चाचणी आहे. सौम्य डिटर्जंटच्या द्रावणात भिंत नसलेली पेशी फुटते आणि वरचं पाणी हिरवं होतं; भिंत असेल तर पेशी तळाशी बसतात आणि पाणी स्वच्छ राहतं. ही चाचणी डीएनएविना होते, म्हणून ती आमच्याकडे आली. राइनहार्टीच्या ऑटोलायसिननं आमच्या पेशीचं पाणी स्वच्छच राहिलं. हे एन्झाइम ठरावीक जवळच्या प्रजातींच्याच भिंतीवर चालतं. कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची, असा तो प्रकार. वंशाचं नाव एक असूनही नातं दूरचं आहे, हे 18एसच्या क्रमानं सुचवलेलंच होतं. भिंतीनं ते प्रत्यक्ष दाखवलं.

स्वच्छ पाण्याच्या त्या नळ्यांचे फोटो सामाईक नोंदवहीत गेले आणि पुढची दिशा तिथूनच मिळाली. क्लॅमिडोमोनासची भिंत झाडांसारखी सेल्युलोजची नसते. ती शर्करा जोडलेल्या प्रथिनांची असते. म्हणून सेल्युलेजच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता, प्रथिनं कापणारं एन्झाइम हवं होतं. पुण्याच्या गटानं सबटिलिसिन सुचवलं. धुण्याच्या पावडरींत वापरल्या जाणाऱ्या या वर्गातलं एन्झाइम राइनहार्टीची भिंतही उतरवतं. विद्यापीठातल्या एका शोधविद्यार्थ्यानं दुसरं उदाहरण काढलं: प्राण्यांच्या जवळच्या नात्यातल्या सॅल्पिंगोइका रोझेटा या एकपेशीय सजीवात डीएनए घालताना पेशीबाहेरचं आवरण पॅपेननं आधी सैल करतात, ते काम 2018 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पॅपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं एन्झाइम. दोन्ही आणली. पॅपेननं आमच्या पेशीवर फारसा फरक पडला नाही. सबटिलिसिननं पाणी हिरवट झालं: सगळ्या पेशी नाहीत, पण लक्षात येईल इतक्या फुटल्या. जास्त वेळ ठेवलं तर कशाभिका गळून पेशी मरायला लागत. भिंत सैल व्हावी आणि पेशी जगावी, असा मधला काळ शोधणं हेच मग मुलांचं काम झालं, आणि त्यांनी तो शोधला.

हाती काय आलं

त्या मोजमापांनुसार विद्यापीठात पुन्हा प्रयोग झाला. पॅरोमोमायसिनच्या प्लेटवर थोड्या वसाहती आल्या. राइनहार्टीच्या तुलनेत फारच कमी, पण डीएनए न घातलेल्या प्लेट कोऱ्या होत्या. ही तुलना सोडून चालत नाही, कारण आपोआप घडलेल्या उत्परिवर्तनानंही एखादी पेशी प्रतिकारक्षम होते. लगेच पीसीआर, म्हणजे ठरावीक डीएनए तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो आहे का ते पाहणारी चाचणी, केला तर पेशींना चिकटून राहिलेला प्लास्मिडही दिसू शकतो, म्हणून वसाहती अनेकदा नव्या प्लेटवर वाढवून मगच तपासल्या. काहींत प्रतिकाराचं जनुक दिसलं, काहींत नाही.

यश म्हणायचं तर इथवर. त्यानंतर जे दिसलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रतिजैविकाशिवाय काही पिढ्या वाढवल्यावर यातल्या काही वाणांचा प्रतिकार ओसरला, पण पीसीआरमध्ये जनुक मात्र तसंच होतं. राइनहार्टीतही हे नेहमी होतं: पेशी बाहेरचं जनुक गप्प करते. तिच्या केंद्रकातल्या डीएनएत जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण सुमारे 64 टक्के आहे. वेगळ्या ठेवणीचं जनुक तिथे उठून दिसतं आणि नीट चालत नाही. शिवाय तिच्या केंद्रकात बाहेरचा डीएनए बहुतांशी कुठेही जाऊन बसतो, आणि तो कुठे बसला यावरही त्याचं नशीब ठरतं. आमच्या पेशीचा जनुकसंच अजून वाचलेला नाही, त्यामुळे तिच्यातही हेच कारण आहे असं आज म्हणता येत नाही. पण साधन तयार झालं हे म्हणायला जनुक नुसतं आत जाणं पुरत नाही, हे मुलांना इथे उमगलं.

नावं आणि नोंदी

तीन प्रयोगशाळांत काम वाटलं की श्रेयाचा प्रश्न येतोच. आमच्याकडे तो आधीच लिहून ठरवला होता: शुद्धीकरणाच्या कृतीवर त्या दोन विद्यार्थिनींची नावं पहिली, प्रतिजैविकांच्या तक्त्यावर ज्यांनी मात्रा काढल्या त्यांची. प्रत्येक कृती स्वतंत्र, तारखेसह, न जमलेल्या अटींसकट खुल्या संकेतस्थळावर ठेवायची, आणि अंतिम लेख कधीही आला तरी ती तिथेच राहील. शेवाळ शुद्ध करणं किंवा भिंतीची चाचणी करणं याला लेखात सहसा अर्धी ओळ मिळते, आणि ते करणारा आभारप्रदर्शनात जातो. लहान महाविद्यालयातली मुलं मोठ्या कामापासून दूर राहतात त्याचं एक कारण मला हेच वाटतं. पुण्यातल्या ताईंनी ही अट एका शब्दात मान्य केली, आणि त्यानंतर आमच्या मुलांनी नोंदी ज्या काळजीनं लिहायला सुरुवात केली ती मी विभागात आधी पाहिली नव्हती. लाइट किती वेळ गेली होती, खोलीचं तापमान किती चढलं, माध्यमासाठी कोणतं पाणी घेतलं, सगळं.

येत्या हिवाळ्यासाठी आखणी झाली आहे. विद्यापीठ प्रवर्तक बदलून पाहणार आहे. राइनहार्टीमध्ये एचएसपी70ए आणि आरबीसीएस2 या दोन जनुकांचे प्रवर्तक जोडून वापरतात. त्यातला पहिला उष्णतेच्या धक्क्यानं जागा होणाऱ्या जनुकाचा आहे, आणि त्याच्या सोबतीनं बाहेरचं जनुक गप्प होण्याचं प्रमाण घटतं. तळ्यातली पेशी चाळीस अंशांच्या पाण्यात तगून राहणारी आहे, त्यामुळे हा प्रवर्तक तिच्यात कोणत्या तापमानाला जागा होईल हे राइनहार्टीवरून सांगता येणार नाही. ती पेशी किती अंशांना, किती मिनिटं ठेवली तर मरत नाही, याचा तक्ता आधी लागेल. तो आमच्याकडे सुरू झाला आहे.